शेजारी बसून पाहिलेले नेतृत्व

‘काम उत्तम, नेतृत्वगुण कमी’ हा वार्षिक शेरा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. पण नेता दिवसभर नेमके करतो काय? फ्रेंच खाण-अभियंते आंरी फायोल यांनी १९१६ साली उत्तर दिले होते : नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय, नियंत्रण. पुढे अर्धशतक पाठ्यपुस्तके तेच घोकत राहिली.

हेन्री मिंट्झबर्ग मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. एम.आय.टी.मध्ये १९६८ साली पूर्ण केलेल्या डॉक्टरेटसाठी ते पाच संस्थाप्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहिले आणि दिसेल ते टिपत गेले. निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत आटपत. तासावर चालणारी जेमतेम १० टक्के. ७८ टक्के वेळ बोलण्या-ऐकण्यात जाई. निवांत बसून योजना आखणारा नेता पुस्तकातच राहिला.

अवघी पाच माणसे! आम्हां आकडेवाल्यांना हा नमुना तोकडा वाटणारच. त्यावरून साऱ्या जगाची टक्केवारी मांडता येत नाही, हे खरे. पण प्रोग्राम अडला की मीही आधी तो चालताना पाहतो, मग मोजतो. काय मोजायचे, हे पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी तो शेरा हाती आला, तर साहेबांना एवढेच विचारावे : आपण माझे काम कधी पाहिलेत, आणि काय पाहिलेत?