पाळकाचे लौकिक कौशल्य : बेथेलचा दाखला

चिकलठाण्यावरून पूर्वेस जाणारा रस्ता जालन्यास पोहोचतो. त्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. मूळचे ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. १८५४ साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. वसाहतीची जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या अनुग्रहाने लाभली. अस्पृश्य गणलेल्या जातींतून आलेल्यांचा गावकीतील जुना आधार धर्मांतराने डळमळीत होई. म्हणून अशा मंडळीच्या पाळकास प्रवचनाइतकेच जमीन, पाणी, शाळा व आपसांतील तंटे यांकडे लक्ष पुरवावे लागे.

मात्र सर्व सूत्रे एकाच कर्त्या पुरुषाच्या हाती राहिली, तर मंडळी आश्रित बनण्याचे भय असते. १८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेस गेले. अशा दीर्घ अनुपस्थितीत कारभार कोणी पाहावयाचा? अहमदनगरास १८५४ सालीच अमेरिकन मराठी मिशनने हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकदीक्षा देऊन मंडळ्यांची धुरा एतद्देशीयांकडे सोपविण्यास आरंभ केला होता. पाळकाने आपल्यामागे किती जणांस कारभार शिकविला, यावरूनच त्याच्या नेतृत्वाचे मोल ठरविणे इष्ट होय.