तळ्यावरून परतल्यावर काय झाले?

२० मार्चला महाडात माणसांचा पूर येतो. चवदार तळ्याला वंदन होते, भाषणे होतात. पण १९२७ च्या त्या दिवशी पाणी पिऊन लोक मंडपाकडे परतल्यावर काय घडले, यावर आपले वक्ते पाच मिनिटेही खर्च करत नाहीत. आम्ही महाड-पोलादपूर भागात अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबत काम करतो. आम्हाला हा उरलेला इतिहासच जास्त कामाचा वाटतो.

परिषद संपली होती. काही जण गावाच्या वाटेला लागले होते, काही जेवत होते. तेवढ्यात अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली. लाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला, जेवणाऱ्यांना मारले, अन्न मातीत कालवले. एकटे-दुकटे सापडले त्यांना रस्त्यात झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, हे विसरून चालणार नाही. सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले.

डाकबंगल्यावर आपली माणसे पेटून उठली होती. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितले. ही गोष्ट नेहमी संयमाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. आमच्या मते त्यात व्यवहारी शहाणपण जास्त होते. त्या संध्याकाळी हात उचलला असता तर फिर्यादीच आरोपी झाले असते. आज याला 'क्रॉस केस' म्हणतात आणि ती कशी होते हे इथल्या वाडीवस्तीत कुणाला शिकवावे लागत नाही.

बाबासाहेबांनी लगेच मुंबई गाठली नाही. महाडात थांबून झाल्या प्रकाराची चौकशी केली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि महाडची हकीकत त्यात आली. ६ जून १९२७ रोजी पाच जणांना प्रत्येकी चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू असते तर हा न्याय मिळाला नसता, असे बाबासाहेबांचे मत होते. जखमी माणूस ते शिक्षा हा रस्ता आपोआप पार होत नाही. फिर्याद, साक्षीदार, पाठपुरावा यांना कुणीतरी धरून ठेवावे लागते.

त्या 'कुणीतरी'ला कायद्यात जागा मिळायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्यातली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि कलम १५ ए आले. त्याच्या पोटकलम १२ प्रमाणे पीडित व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना सामाजिक संस्था, समाजसेवक किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क आहे. तरीही एका ठाण्यात आम्हाला विचारले गेले, "तुम्ही कोण? नातेवाईक का?" तेव्हापासून त्या पानाची झेरॉक्स पिशवीत असते.

पण मदतीला जाणाऱ्याला शिकवतो कोण? समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही जातीचे सिद्धांत वाचले. फिर्यादीत जातीचा उल्लेख राहिला तर पुढे काय होते, हे मात्र ठाण्याच्या बाकड्यावर कळले. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, पहिले अर्थसहाय्य सात दिवसांत मिळाले पाहिजे, साक्षीला जाण्याचा प्रवासखर्च मिळतो, हे सारे १९९५ च्या नियमांत आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या मजुराला अलिबागचे जिल्हा कार्यालय शंभर किलोमीटरच्या पलीकडे. एका खेपेत दिवसाची मजुरी जाते.

कायदा पाठ करून भागत नाही. बाईला तोच प्रसंग पाच जणांसमोर पाच वेळा सांगायला लावू नये, 'शिक्षा होणारच' असे आश्वासन देऊ नये, हेही शिकावे लागते. आणि मदत करणारा पोरगा त्याच गावात राहतो, त्याच दुकानातून तेल-मीठ आणतो. दुकानदार सामान देईनासा झाला, रात्री झोप लागेनाशी झाली, तर त्याने कुणाकडे जावे? आपल्या संघटनांकडे याचे उत्तर नाही. तो थकून मुंबईला निघून गेला की आपण त्याला पळपुटा म्हणतो.

येत्या मार्चमध्ये महाडात मंडप घालणाऱ्या संघटनांकडे आमची मागणी छोटी आहे. भाषणांतला एक तास कमी करा. बाजूला दोन टेबले मांडा, एकावर वकील बसवा, दुसऱ्यावर समुपदेशक. तालुक्यातून वीस मुले-मुली आणायची जबाबदारी आमची.