उशाजवळचे यंत्र आणि आतला फोम

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधाच्या दिवसापाशी थांबतो. कोणी शोधले, कोणत्या साली शोधले, पेटंट कोणाला मिळाले, एवढे सांगितले की प्रकरण संपते. पण यंत्राचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. ते रोज कोण पुसते, झिजलेला भाग कधी बदलला जातो, त्याचे पैसे कोण भरते आणि कोणता भाग कुणाच्याच लक्षात राहत नाही, हाही इतिहासच आहे. फक्त त्याची दफ्तरे कुणी नीट ठेवलेली नसतात. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसांसाठी घरोघरी वापरले जाणारे ‘सीपॅप’ हे यंत्र या नजरेने पाहण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतून ते उशाजवळच्या टेबलावर आले, तेव्हा घरात ते सुसह्य व्हावे म्हणून त्यात जो भाग घातला गेला, तोच पुढे त्याच्या सर्वांत मोठ्या संकटाचे कारण ठरला.

आधी आजाराविषयी थोडे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. असे किमान दहा सेकंद घडले की वैद्यकशास्त्र त्याला एक ‘ॲप्निया’ धरते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्यासह श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. आजार तीव्र असेल तर तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा हे घडते. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्याला.

डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. काम करता करता तो झोपतो. १९५६ साली बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अतिस्थूलता आणि दिवसाची झोप यांवर जो लेख लिहिला, त्यात या कादंबरीवरूनच आजाराला ‘पिकविकियन’ म्हटले. मात्र या झोपेचे मूळ त्यांनी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले. रात्री श्वास खरोखर थांबतो, हे १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो, तास्सिनारी आणि द्युराँ यांनी, तर जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, झोपेची नोंद घेऊन दाखवले. १९७६ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गियमिनो यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केले.

नाव मिळाले तरी खात्रीचा उपाय एकच होता : ट्रॅकिओस्टोमी. गळ्याला, घशातल्या अडथळ्याच्या खाली, भोक पाडायचे आणि त्यातून श्वास घ्यायचा. उपाय गुणकारी होता, पण त्याची देखभाल आयुष्यभराची होती. नळी काढून धुणे, जखमेच्या कडा स्वच्छ ठेवणे, साचलेला कफ ओढून काढणे, हे सगळे रोज आणि स्वतःच्या देहावरच करायचे. या आजाराच्या इतिहासात देखभाल अशी पहिल्यापासून आहे. तेव्हा जपायचे होते ते यंत्र नव्हते, गळ्यातले भोक होते, एवढाच फरक.

१९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी वेगळी वाट काढली. त्याआधी टोरांटोत त्यांनी कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनाचा अभ्यास केला होता आणि कुत्र्यांच्या तोंडावर बसणारे मुखवटे बनवण्याचा हात त्यांना होता. त्यांचा तर्क साधा होता. घसा मिटतो तो आतून आधार नसल्यामुळे. मग नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडली तर त्या हवेचाच टेकू मिळेल. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्ह्ज यांचा लेख आला. त्यात रुग्ण होते पाच. लागलेला दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर स्तंभाइतका. भांड्यातल्या पाण्यात नळी तेवढी बुडवून फुंकावी, इतकाच तो दाब. त्या फुंकरीने रात्रभराची अखंड झोप मिळाली.

हे पहिले यंत्र कसे होते, ते देखभालीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हवेचा झोत व्हॅक्यूम क्लीनरसारख्या मोटारीचा होता. तिची ओढ उलटी करून फुंकर केलेली. मुखवटा प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन वेगळा बनवावा लागे आणि हवा निसटू नये म्हणून रात्री तो वैद्यकीय सिलिकोनने चेहऱ्यावर चिकटवावा लागे. सकाळी तो सोलून काढायचा आणि रात्री पुन्हा लावायचा. प्रयोगशाळेत एक रात्र हे चालेल. पण घरी, वर्षानुवर्षे, बायकोच्या शेजारी, व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजात?

त्यामुळे पुढची दहा-पंधरा वर्षे दोन अडचणी सोडवण्यात गेली : मुखवटा आणि आवाज. अमेरिकेतल्या रेस्पिरॉनिक्सने १९८५ च्या सुमारास बाजारात यंत्र आणले. सलिव्हन यांच्या शोधाचा व्यवसाय करण्यासाठी पीटर फॅरेल यांनी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात जी कंपनी काढली, ती पुढे ‘रेसमेड’ म्हणून ओळखली गेली. चिकटवायचा मुखवटा जाऊन पट्ट्यांनी बांधायचा मास्क आला आणि त्याला मऊ सिलिकोनची सुटी होणारी गादी बसली. गादी चेहऱ्याच्या तेलाने आणि घामाने कडक, चिकट होते, मग हवा निसटू लागते. पण ती दिसते, हाताला कळते, धुता येते, बदलता येते. मुखवट्याची अडचण अशी सुट्या भागात रूपांतरित झाली.

सुट्या भागांबरोबर वेळापत्रकही आले. अमेरिकेतली ज्येष्ठांसाठीची सरकारी विमायोजना ‘मेडिकेअर’ कोणता भाग किती दिवसांनी नवा देईल, ते ठरलेले आहे. नाकाच्या मास्कची गादी महिन्याला दोन, मास्क आणि नळी तीन महिन्यांनी, बारीक फिल्टर महिन्याला दोन, डोक्याच्या पट्ट्या आणि पाण्याची डबी सहा महिन्यांनी, आणि खुद्द यंत्र पाच वर्षांनी. ही यादी पैसे देण्याची मर्यादा आहे; सहा महिने झाले म्हणून डबी निकामी झाली, असे ती म्हणत नाही. तरीही कंपन्यांनी, दुकानदारांनी आणि रुग्णांनी तिलाच भागांचे आयुर्मान मानले. विम्याच्या हिशेबातून आलेला आकडा शास्त्राचा वाटू लागला.

आपल्याकडे हे वेळापत्रक आले, पण त्यामागचा पैसा आला नाही. आजार मात्र पुरेपूर आहे. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात झोपेतले श्वसनदोष १९.५ टक्के जणांत आणि लक्षणांसह स्लीप ॲप्निया ७.५ टक्के जणांत आढळला. घरी वापरायच्या यंत्राचा खर्च आपला आरोग्यविमा बहुधा उचलत नाही. म्हणून यंत्र एकरकमी विकत घेतले जाते आणि मोटार चालते तोवर चालवले जाते. गादी फाटेपर्यंत धुतली जाते, पट्टी सैल झाली की गाठ मारली जाते. यात हसण्यासारखे काही नाही. वस्तू पुरवून वापरणे ही आपली जुनी रीत आहे आणि दिसणाऱ्या भागांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी निभावते. बोअरच्या जड पाण्याने डबीत पांढरा थर बसला तर तो दिसतो. म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरायचे. रस्त्यालगतच्या घरात फिल्टर काळा पडतो. म्हणून तो लवकर बदलायचा. पावसाळ्यात नळी वाळत नाही. म्हणून ती सकाळी धुऊन दिवसभर टांगायची. घरातल्या बाईला किंवा माणसाला हे शिकवावे लागत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. ती सोडवताना सुटा भाग निर्माण झाला नाही. मोटारीभोवती, हवेच्या वाटेतच, आवाज शोषणारा फोम बसवला गेला. आजची चांगली यंत्रे तीस डेसिबलच्या आत चालतात, त्यात अशा फोमचा वाटा आहे. तो बाहेरून दिसत नाही, धुता येत नाही, बदलण्याच्या यादीत नसतो. आणि तो असतो फिल्टरच्या पलीकडे; म्हणजे त्याचा भुगा झालाच, तर अडवायला मध्ये काही नाही.

रेस्पिरॉनिक्स ही कंपनी २००८ मध्ये फिलिप्सने घेतली. १४ जून २०२१ रोजी फिलिप्सने जगभरातली लाखो श्वसनयंत्रे परत मागवली. पुढे हा आकडा सुमारे ५५ लाख सांगितला गेला. कारण होते पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा फोम. या रसायनातले एस्टर बंध पाण्याने तुटतात, तुटताना आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवते. हा रसायनशास्त्रातला नवा शोध नव्हता. माळ्यावर दोन-तीन पावसाळे ठेवलेले बूट काढावेत आणि तळवा हातात भुगा होऊन यावा, हा अनुभव कोकणात अनेकांना आहे; अशा पुष्कळ तळव्यांत हेच रसायन असते. उष्ण आणि दमट हवेत ही झीज वाढते, हे परत मागवण्याच्या सूचनेतही होते. पॉलिइथर जातीचा फोम पाण्याला अधिक टिकतो, हेही ठाऊक होते. फोमविषयीच्या तक्रारी कंपनीकडे कित्येक वर्षे आधीपासून होत्या, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत पुढे आले.

या कथेतला सर्वांत बोचरा भाग स्वच्छतेचा आहे. ओझोन वायू सोडून यंत्र ‘निर्जंतुक’ करणारे डबे तेव्हा बाजारात जोरात खपत होते. साबण-पाण्याऐवजी बटण दाबले की झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये याच प्रशासनाने, असे एकही साधन आपल्या मान्यतेने विकले जात नसल्याचे बजावले होते. ओझोनने फोमची झीज वाढते, हे वर्षभराने सर्वांना कळले. म्हणजे जे रुग्ण देखभालीत सर्वांत काटेकोर होते, त्यांतल्याच काहींनी नकळत आपले यंत्र आतून लवकर झिजवले.

फोमच्या कणांनी आणि वायूंनी नेमके किती नुकसान झाले, यावर कंपनी आणि प्रशासन यांचे मतभेद राहिले. कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये दोष मान्य न करता अमेरिकेतले दावे १.१ अब्ज डॉलरना मिटवले. पण २०२१ च्या त्या पावसाळ्यात रुग्णासमोरचा प्रश्न न्यायालयातला नव्हता, रात्रीचा होता. यंत्र लावावे तर फोमची भीती, न लावावे तर श्वास अडण्याची. बदली यंत्रासाठी अनेकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. त्यासाठी यंत्राचा अनुक्रमांक नोंदवावा लागे. ज्याने जुने यंत्र हातोहात घेतले होते, त्याच्यापर्यंत ही सूचना पोहोचायला सरळ वाटच नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घराने जी देखभाल करायची, ती घरे करत आली आहेत. पण यंत्र घरात आले, तेव्हा रुग्णालयाची एक जबाबदारीही न सांगता घराकडे ढकलली गेली. रुग्णालयात प्रत्येक उपकरणाची नोंदवही असते. कधी घेतले, किती तास चालले, कधी तपासले. घरात ती वही नसते. न दिसणारा भाग कपड्याने पुसून राखता येत नाही. तो राखला जातो नोंदीने, तपासणीने आणि चुकीचा भाग वेळेवर परत मागवणाऱ्या व्यवस्थेने. यातली नोंद तरी आपल्या हातात आहे. यंत्राच्या तळाशी असलेला अनुक्रमांक, खरेदीची पावती, वापराचे एकूण तास आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेला दाब, या चार गोष्टी एका कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवायला पाच मिनिटे लागतात. यंत्र दुसऱ्याला दिले तर तो कागदही त्याच्याबरोबर द्यावा. बाकीच्या दोन गोष्टी घराला करता येत नाहीत. त्या कंपनीकडून आणि सरकारकडून मागून घ्याव्या लागतात, आणि मागताना हाच कागद हातात असावा लागतो.