राख, रिठा आणि लिंबाचा वास

शहरांतील दुकानांत अलीकडे भांडी घासण्याच्या द्रवसाबणाची एक निराळी बाटली दिसते. तिच्यावर दोन विशेषणे ठळकपणे छापलेली असतात : 'वनस्पतिजन्य' आणि 'सुगंधविरहित'. नेहमीच्या वडीपेक्षा ती बरीच महाग असते, आणि ती घेणारा आपण काही नवे व विचारपूर्वक करीत आहोत अशा समजुतीत असतो. आमच्याही घरी ती आली आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने विशेषणांकडे थोडे संशयाने पाहावे, हा आमचा जुना आग्रह. त्यातही 'विरहित' हे उत्तरपद विशेष बोलके आहे. एखादी गोष्ट 'नाही' हे मुद्दाम सांगावे लागते, याचा अर्थ ती कधीतरी आत शिरलेली असते. भांड्याच्या साबणात सुगंध शिरण्यापूर्वी भांडे स्वच्छ झाले हे आपण कशावरून ओळखीत होतो, या प्रश्नापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

त्याचे उत्तर मराठी भाषेतच आहे. 'भांड्याला वास येतो' हे वाक्य मराठीत तक्रारीचे आहे. त्यात वास कसला हे सांगावेही लागत नाही. आंबूस, कुबट, खवट, वशट अशी अस्वच्छतेची किती बारीक वर्गवारी आपल्या स्वयंपाकघराने केली आहे! फुलांचा दरवळ असतो, फोडणीचा घमघमाट असतो. भांड्याला मात्र काहीच असू नये. दुसरी कसोटी स्पर्शाची. 'ओशट' हा शब्द बोटांनी घडवलेला आहे. पालथ्या भांड्यावरून अंगठा फिरवून 'अजून ओशट लागते आहे' असे म्हणत ते परत मोरीत टाकणारी पिढी अजून आपल्यात आहे. म्हणजे निर्गंधता ही आजच्या बाटलीने लावलेला शोध नसून स्वच्छतेची मूळ व्याख्याच ती होती.

ती साधत असे राखेने. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळले की द्रावण अल्कधर्मी होते, तेलकटपणा सुटतो आणि त्यातील काही अंशाचा जागच्या जागी साबणच बनतो. राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात ते वेगळेच. (पाश्चात्त्यांच्या 'पोटॅश' या शब्दातही 'भांडे' आणि 'राख' हीच दोन पदे जोडलेली आहेत, 'पोटॅशियम' हे मूलद्रव्याचे नाव त्यावरूनच पडले.) ही समजूत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात तांबे, लोखंड, कासे, कथील, शिसे इत्यादी धातूंच्या भांड्यांसाठी क्षार, आम्ल आणि पाणी सांगितले आहे, आणि लोकरी कांबळ्यांसाठी अरिष्टक म्हणजे रिठा. त्या ग्रंथाशी आमचे भांडण मोठे आहे. पण हे तपशील स्वयंपाकघराला ठाऊक असलेल्या रसायनाशी जुळतात हे नाकारता येत नाही. राखेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ती विकत आणावी लागत नसे. ज्या चुलीवर अन्न शिजले तिनेच भांडी घासण्याचे साधन पुरवावे, घासायला नारळाचे सोडण किंवा काथ्या असावा, आणि मोरीचे पाणी परसातल्या केळीला अन् अळूला जावे, अशी ती व्यवस्था होती.

रिठ्याची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या सालीत सॅपोनिन असते आणि ते पाण्यात फेस धरते. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाच्या प्रजातीला 'सॅपिंडस' हे नाव दिले, ते लॅटिनमधील 'साबण' आणि 'भारतीय' या अर्थाच्या शब्दांवरून. भारतात मात्र 'साबण' हा शब्द बाहेरून आला. अरबी 'साबून'शी त्याचे नाते आहे. परक्यांनी आपल्या झाडाला साबण म्हणावे आणि आपण साबणाला परका शब्द वापरावा, ही देवघेव मौजेची आहे. रिठा महाराष्ट्रात केस धुण्यासाठी, रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी आणि दागिने उजळण्यासाठी अधिक वापरला गेला. रोजच्या खरकट्या भांड्यांचा मान राखेकडेच राहिला. आज रिठ्याच्या पाण्याने ताटे घासणारी मंडळी 'परंपरा' हा शब्द वापरतात तेव्हा एवढी दुरुस्ती ध्यानात ठेवावी. आणखी एक : ज्या सॅपोनिनमुळे फेस होतो ते माशांना विषारी असते आणि डोळ्यांत गेल्यास चांगलेच झोंबते. झाडापासून आले म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण रिठ्यालाही लागू पडत नाही. नेहमीच्या साबणांतील सोडियम लॉरिल सल्फेटही खोबरेल किंवा पाम-कर्नल तेलापासून बनवता येते. म्हणजे तेही 'वनस्पतिजन्य'च!

या विशेषणाला महाराष्ट्रात खरा अर्थ लाभला तो स्वदेशीच्या काळात. साबणात जनावरांची चरबी असे, आणि चरबीचा प्रश्न या देशात किती स्फोटक होऊ शकतो हे १८५७ने दाखवून दिले होते. मुंबईचे अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ साली वनस्पती-तेलाचा 'चावी' हा साबण बाजारात आणला. तो जगातील पहिला वनस्पतिजन्य साबण असल्याचे गौरवाने सांगितले जाते. ऑलिव्ह तेलाच्या कॅस्टील साबणाला शतकांची परंपरा असल्याने ते आम्हांस मान्य करता येत नाही. पण त्यामुळे अर्देशिर यांचे श्रेय उणे होत नाही. त्या साबणातील 'वनस्पती' ही चरबी न चालणाऱ्या आणि विलायती माल नको असणाऱ्या माणसासाठी होती. आजच्या बाटलीवरची 'वनस्पती' पर्यावरणाची भाषा बोलते. शब्द एकच, पण शंभर वर्षांत त्याचा श्रोता बदलला.

आता लिंबाकडे वळू. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हवेने काळपट थर चढतो आणि तो आम्लाने निघतो. म्हणून चिंचेचा कोळ, आमसूल, पिळून उरलेली लिंबाची साल ही खरी कामाची साधने होती. समया आणि घंगाळी उजळण्यात लिंबाचा वास हा केवळ आनुषंगिक होता. पुढे स्टेनलेस स्टील आले. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी घडवलेला हा धातू स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या फळ्यांवर विराजमान झाला, आणि जुन्या लुगड्यांच्या मोबदल्यात बोहारणीने तो वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचवला. कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. स्टीलवर असा थर चढत नाही, त्यामुळे रोजच्या घासण्यात आम्लाचे कामच संपले. लिंबू खरे तर तेव्हाच मोरीतून निवृत्त व्हायला हवे होते. पण झाले उलटेच. काम गेले आणि वास उरला. नव्हे, वासालाच काम मिळाले. भुकटीच्या डब्यावर, १९९३नंतर घरोघर पोहोचलेल्या वडीवर आणि मग बाटलीवर पिवळे लिंबू झळकू लागले. एका जाहिरातीने तर शंभर लिंबांचे सामर्थ्य एका वडीत कोंबले. जे भांडे निर्गंध झाले की स्वच्छ मानले जाई, ते आता लिंबाचा वास आल्याशिवाय स्वच्छ वाटेना. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाच्यार्थ लोपून केवळ व्यंजना उरावी, तसे हे झाले.

राखेची हकालपट्टी साबणाने केली असे सर्रास म्हटले जाते. आमच्या मते ती गॅसने केली. १९५५ साली बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. पुढील दशकांत तो मध्यमवर्गाच्या ओट्यावर स्थिरावला. चूलच नाही तर राख कुठली? जे फुकट मिळत होते ते महिन्याच्या यादीत चढले.

या सगळ्यात घासणारा हात कुठे आहे? दळणाला ओवी आहे. हेमा राईरकर आणि गी पोयत्वाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. भांडी घासण्याचे असे गीतभांडार आमच्या वाचनात नाही. जात्याला फेऱ्याची लय असते आणि घासण्याला ती नसते, हे एक कारण. खरकट्याला चिकटलेला विटाळ हे दुसरे, आणि आम्हांस ते अधिक वजनदार वाटते. मोलकरणीने घासलेली भांडी पुन्हा पाण्यातून काढून मगच फळीवर लावण्याचा रिवाज अनेक घरांत होता. त्यामागे स्वच्छतेचा विचार नव्हता, हे सांगणे न लगे. पुण्यात १९८० साली घरकामगार स्त्रियांनी संप केला तेव्हा पगार आणि रजा हे प्रश्न प्रथमच उघड्यावर आले. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात अपघात, औषधोपचार, बाळंतपण, मुलांचे शिक्षण यांसाठी साहाय्याची तरतूद आहे.

सुगंधाचा प्रश्न या हातांशी जाऊन भिडतो. लिंबाच्या वासातील मुख्य घटक लिमोनीन. हवेशी संयोग होऊन त्याचे ऑक्सिडीकरण झाले की तयार होणारी द्रव्ये काहींच्या त्वचेला ॲलर्जी आणतात. युरोपीय संघाने २००३ साली सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर जे २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापलीकडे असल्यास नावानिशी छापणे बंधनकारक केले, त्यांत लिमोनीन होते. नंतर धुण्याच्या साबणांनाही तसा नियम लागला. अर्थात हाताची त्वचा फाटण्यास मुळात सतत ओले राहणे आणि तेल ओढून घेणारी द्रव्येच पुरेशी असतात. सुगंधविरहित बाटलीने सगळे प्रश्न सुटतात असे नव्हे. पण एका घरात दोन वेळची भांडी घासणारी गृहिणी आणि दिवसाकाठी पाच-सहा घरांची भांडी घासणारी बाई, यांच्यापैकी या बाटलीची गरज कुणाला अधिक, याचे गणित अवघड नाही.

काही घरांत सध्या अशी मांडणी दिसते : सुगंधविरहित बाटली ओट्यावर, तान्ह्या मुलाच्या वाटी-चमच्यासाठी, आणि मोरीत, पाण्याने अर्धी विरघळलेली, लिंबाच्या वासाची पिवळी वडी, बाईंसाठी.