लिस्बनचा भूकंप (इ. स. १७५५) आणि कॅथलिक समाजाची साक्ष

इ. स. १७५५ च्या लिस्बन येथील भूकंपासंबंधानें आपल्याकडील इतिहासवाचकांची जी समजूत आहे, ती बहुतांशीं फ्रेंच ग्रंथकारांच्या लेखनावरून बनलेली आहे. व्होल्तेरनें १७५६ मध्यें या संकटावर एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें व १७५९ मध्यें आपल्या 'कांदीद' नामक कथेंत तोच प्रसंग पुन्हां आणिला. तेव्हांपासून एक ठरीव चित्र चालत आलें आहे: एका बाजूस बुद्धिवादी मंत्री पोंबाल, आणि दुसऱ्या बाजूस ईश्वराचा कोप झाला म्हणून ऊर बडविणारा पाद्र्यांचा समुदाय. हें चित्र सर्वस्वीं खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. या अनर्थास कॅथलिक समाजानें दिलेलें उत्तर एकच नव्हतें, व त्या उत्तरांपैकीं संशोधकास सर्वांत उपयोगी असें जें उत्तर तें गांवोगांवच्या विगारांच्या हातचें आहे, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम घडलेली हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. दिनांक १ नोव्हेंबर १७५५ रोजीं शनिवार होता. आपल्या गणनेनें तो शके १६७७ युवनाम संवत्सर, आश्विन वद्य पक्ष असून दिवाळी अगदीं तोंडावर आली होती. कॅथलिकांचा तो सर्व संतांचा सण. सकाळीं साडेनऊच्या सुमारास चर्चें माणसांनीं भरलेलीं व वेदींवर मेणबत्त्या लागलेल्या अशा वेळीं धरणीकंपाचे लागोपाठ तीन धक्के बसले. कांहीं वेळानें समुद्र मागें हटून तागुस नदीच्या मुखांतून लाटा शहरांत शिरल्या. आणि पडलेल्या घरांतून लागलेली आग पांचसहा दिवस जळत राहिली. हल्लींचे भूगर्भशास्त्रज्ञ या भूकंपाची तीव्रता साडेआठ ते नऊ यांच्या दरम्यान धरतात. मृतांचा आंकडा निरनिराळे लेखक दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत देतात. शहराची एकंदर वस्ती सुमारें दोन लाख होती. रिबेरा येथील राजवाडा, त्यांतील सुमारें सत्तर हजार ग्रंथांचें भांडार, त्याच वर्षीं उघडलेलें नाट्यगृह आणि सर्व संतांच्या नांवाचें मोठें इस्पितळ हीं नष्ट झालीं. कार्मेलपंथी संन्याशांच्या मठाच्या छप्पर गेलेल्या कमानी आजही तशाच उभ्या आहेत.

राजा जुझे पहिला हा कुटुंबासह बेलें येथें असल्यामुळें वांचला. कारभार सेबास्तियाँव जुझे द कार्वाल्यु याच्या हातीं आला. यालाच पुढें पोंबालचा मार्कीस ही पदवी मिळाली. मेलेल्यांस पुरा व जित्यांस अन्न द्या, हे जे शब्द त्याच्या नांवावर सांगतात ते त्याचे कीं दुसऱ्या कोणा सरदाराचे, याविषयीं वाद आहे. पण पहिल्याच दिवसांतील एक गोष्ट वादातीत आहे. सडणाऱ्या प्रेतांमुळें रोगराई पसरेल अशी भीति उत्पन्न झाली, तेव्हां तीं पडावांत घालून समुद्रांत बुडविण्याचें ठरलें. कॅथलिक धर्माप्रमाणें प्रेतास अभिमंत्रित भूमींत विधिपूर्वक पुरणें हें मोठें कर्तव्य मानलेलें आहे. त्यास अपवाद करावयाचा तर धर्माधिकाऱ्याची अनुज्ञा पाहिजे. ती लिस्बनचा कार्डिनल-पेट्रिआर्क यानें दिली. म्हणजे ज्या कृत्यास पुढील लेखकांनीं मंत्र्याच्या बुद्धिवादाचा नमुना म्हणून गौरविलें, तें धर्मपीठाच्या संमतीनेंच झालें. आपद्धर्म ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रास जशी परिचित आहे, तशी ती त्यांच्याही शास्त्रास होती.

आतां कारणमीमांसेकडे वळूं. गाब्रिएल मालाग्रिदा हा इटालियन जेसुइट, जन्म १६८९. यानें ब्राझिलांत अनेक वर्षें धर्मप्रचार केला होता व लोक त्यास साधुपुरुष मानीत. १७५६ मध्यें त्यानें 'भूकंपाच्या खऱ्या कारणाचा निर्णय' या अर्थाच्या नांवाची एक पुस्तिका छापिली. धूमकेतु, वाफा, वायु इत्यादि कारणें सांगणारांचा निषेध करून, लिस्बनचा नाश लोकांच्या पापांमुळेंच झाला, असें त्यानें त्यांत प्रतिपादन केलें. आणि माळावर झोपड्या बांधीत बसण्याऐवजीं लोकांनीं पश्चात्ताप व ध्यान करावें असा उपदेश केला. ज्या मंत्र्यास त्याच वेळीं झोपड्या बांधवून घ्यावयाच्या होत्या व भेदरलेले लोक कामास लावावयाचे होते, त्यास हा उपदेश राज्यास घातक वाटला यांत नवल नाहीं. मालाग्रिदाची सेतुबल येथें रवानगी झाली. तथापि ही पुस्तिका रीतसर परवानगी मिळूनच छापली गेली होती, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

परंतु मालाग्रिदाचें मत म्हणजे चर्चचें मत असें समजण्यास कागदपत्रांत आधार नाहीं. स्पेनमध्यें ओव्हिएदो येथील बेनेदिक्तपंथी संन्यासी बेनितो हेरोनिमो फेइहो यानें, वयाच्या ऐंशीच्या घरांत असतां, १७५६ त भूकंपाच्या भौतिक कारणाविषयीं एक नवी उपपत्ति प्रसिद्ध केली; तींत त्यानें विद्युच्छक्तीस कारण ठरविलें. ती उपपत्ति आज टिकत नाहीं. पण मठांत राहणारा एक वृद्ध संन्यासी निसर्गांतच कारण शोधीत होता, ही गोष्ट टिकते. लिस्बनमध्येंच ऑरेटरीपंथी आंतोनियु परैर द फिगैरेदु यानें त्याच वर्षीं लॅटिन व पोर्तुगीज अशा दोन भाषांत भूकंपाचा व आगीचा वृत्तान्त छापिला. फ्रान्सांत लोरां-एत्येन राँदे हा यान्सेनिस्ट पक्षाचा कॅथलिक लेखक. तोही हा ईश्वरी दंडच मानी, परंतु अपराधी कोण याचें त्याचें उत्तर मालाग्रिदाच्या नेमकें उलट होतें. त्याच्या मतें जेसुइटांचीं कृत्यें व इन्क्विझिशन यांमुळेंच ईश्वर रागावला होता! इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट उपदेशक वेस्ली यानेंही इन्क्विझिशनकडेच बोट दाखविलें. दैवी कोपाचें तत्त्व एकदां मान्य केलें, कीं त्याचें निशाण ज्याच्या त्याच्या शत्रूवर रोविलें जातें, हा बोध यांतून घेण्यासारखा आहे.

संस्कृत वाचकास यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या आरंभींच पूर्वाचार्यांचीं मतें दिलेलीं आहेत: कोणी पाण्यांतील प्रचंड प्राण्यास कारण मानतो, कोणी भाराने थकलेल्या दिग्गजांच्या विसाव्यास, कोणी वाऱ्यांच्या आघातास, आणि कोणी लोकांच्या अदृष्टास, म्हणजे पापपुण्यास. निसर्ग व नीति हीं दोन्हीं कारणें एकाच पानावर शेजारीं शेजारीं नांदतात. अठराव्या शतकांतील कॅथलिक जगाचीही स्थिति हीच होती.

लोकांची भक्ति या वादांत पडली नाहीं. ती आपल्या मार्गानें गेली. सेव्हिल येथें मोठ्या देवळांत चाललेला मिस्सा धक्क्यामुळें थांबला व तो बाहेर चौकांत पुरा करण्यांत आला. त्या जागीं उभारलेलें स्मारक अद्याप आहे. काडिझ येथें समुद्राची लाट पाल्माच्या मातेच्या निशाणापुढें थांबली अशी श्रद्धा असून, तिची मिरवणूक अजून दर १ नोव्हेंबरला निघते. राजा जुझे याच्या विनंतीवरून पोप चौदावा बेनेदिक्त यानें १७५६ मध्यें संत फ्रान्सिस बोर्जा यास भूकंपापासून पोर्तुगालचें रक्षण करणारा संत म्हणून जाहीर केलें. हा बोर्जा जेसुइट संघाचा तिसरा मुख्याधिकारी. त्याच्या संघास त्याच राजानें ३ सप्टेंबर १७५९ रोजीं सर्व पोर्तुगीज मुलखांतून हांकून दिलें व त्याचा हुकूम गोव्यापर्यंत बजावला गेला. राजावर झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणांत मालाग्रिदा कैद झाला. पुढें इन्क्विझिशननें त्यास पाखंडी ठरविलें, आणि २१ सप्टेंबर १७६१ रोजीं, सत्तरी उलटलेली असतां, लिस्बनच्या चौकांत गळा आवळून त्याचें प्रेत जाळण्यांत आलें. त्या इन्क्विझिशनचा प्रमुख त्या वेळीं मंत्र्याचा सख्खा भाऊ होता. बुद्धिवादी मंत्र्यानें आपल्या प्रतिपक्ष्यास संपविण्यासाठीं जुनें धर्मन्यायालयच वापरलें, हें प्रचलित चित्रांत सहसा सांपडत नाहीं.

मदत परदेशांतूनही आली. स्पेनचा राजा सहावा फर्नांडो याची राणी पोर्तुगालची राजकन्या होती, व पोर्तुगालची राणी स्पेनची. त्या दरबाराकडून साह्य येणें साहजिकच होतें. परंतु प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या पार्लमेंटानें एक लक्ष पौंडांची मदत मंजूर केली व हांबुर्गहून सामानाचीं जहाजें आलीं. धर्मपंथाचा भेद या ठिकाणीं आड आला नाहीं. उलट ब्राझिलांतील कॅथलिक प्रजेकडून जें घेतलें गेलें त्याचें नांव देणगी असलें तरी तें मोठें ओझें होतें: बाहियाच्या नगरसभेनें तीस लक्ष क्रुझाद तीस वर्षांत भरण्याचें पत्करलें. कागदावर 'देणगी' हा शब्द दिसला म्हणजे ती कोणी व कशी दिली हें तपासावें, हा नियम आपल्याकडील वर्गणीपट्ट्या व नजराणे वाचतांनाही उपयोगी पडणारा आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. १७५६ च्या जानेवारींत पोर्तुगीज सरकारनें बिशपांच्या द्वारें सर्व विगारांकडे तेरा प्रश्नांची एक यादी पाठविली. कंप केव्हां सुरू झाला व किती वेळ टिकला, एका दिशेस अधिक जाणवला काय, किती घरें पडलीं, किती माणसें मेलीं, समुद्र प्रथम चढला कीं ओसरला, झऱ्यांत व विहिरींत काय फरक दिसला, जमिनीस भेगा पडल्या काय व त्यांतून काय निघालें, असे ते प्रश्न होते. स्पेनमध्येंही राजाज्ञेनें अशीच चौकशी १७५५ च्या नोव्हेंबरांतच सुरू झाली, व एक हजाराहून अधिक गांवांचीं उत्तरें आज उपलब्ध आहेत. पुढें १७५८ मध्यें ऑरेटरीपंथी पाद्री लुईश कार्दोझु याच्या कामासाठीं साठ प्रश्नांची दुसरी यादी विगारांकडे गेली. तींत गांव, डोंगर व नद्या यांच्या माहितीबरोबर, १७५५ च्या भूकंपांत काय पडलें व काय दुरुस्त झालें, हा एक प्रश्न होता. त्या उत्तरांचीं चव्वेचाळीस बाडें लिस्बनच्या दफ्तरांत आहेत. आजचे शास्त्रज्ञ त्या भूकंपाचा व समुद्राच्या लाटांचा जो हिशेब मांडतात, तो याच कागदांच्या आधारें.

प्रश्न सरकारनें विचारले, परंतु उत्तरें देण्यास प्रत्येक गांवांत लिहितां येणारा, वस्तीची गणती ठाऊक असलेला आणि मृतांची वही ठेवणारा एक मनुष्य होता म्हणूनच तीं मिळालीं. तो मनुष्य म्हणजे विगार. बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु यांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त चर्चनें शतकांपूर्वीं घातलेली होती. यांतील कित्येक विगार व्यासपीठावरून पापाचा व प्रायश्चित्ताचाच उपदेश करीत असतील. पण लेखणी हातीं घेतल्यावर त्यांनीं किती हात पाणी चढलें हें लिहिलें. श्रद्धा व निरीक्षण हीं एकाच माणसांत राहूं शकतात, आणि साक्षीदाराचें मत निराळें व त्याची साक्ष निराळी, ही विवेकदृष्टि संशोधकानें सोडतां कामा नये.

यांत आपल्या अभ्यासाचाही एक धागा गुंतलेला आहे. लिस्बनच्या किल्ल्यावरील ज्या बुरुजांत राज्याचें दफ्तर असे, तो बुरूज भूकंपांत कोसळला. दफ्तराचा मुख्य रक्षक मानुएल द माय हा १६७७ चा जन्मलेला, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्यानें ढिगाऱ्याखालून कागद काढविले, ते किल्ल्याच्या मैदानांत लाकडी खोपटांत ठेवविले व १७५७ मध्यें संत बेंतु याच्या मठांत हलविले. तें दफ्तर १९९० पर्यंत तेथें होतें. परंतु नदीकांठची 'कासा द इंडिया' म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी आपल्या कागदपत्रांसह नाश पावली. गोमांतक व कोंकण यांच्या इतिहासाचें त्यांत किती साहित्य गेलें याची कल्पनाच करावी.

म्हणूनच १५९५ मध्यें स्थापन झालेल्या गोव्याच्या दफ्तराचें मोल दुप्पट झालें. दरसालच्या मोसमी जहाजांनीं राजा व व्हिसेरेई यांच्यांत जो पत्रव्यवहार चाले, त्याचीं बाडें तेथें राहिलीं. भूकंपानंतरच्याच वर्षीं, जून १७५६ त, व्हिसेरेई कोंदि द आल्व्ह हा फोंड्याच्या मर्दनगडावर चालून गेला असतां मारला गेला. अशा प्रसंगांचा पोर्तुगीज बाजूनें शोध करावयाचा तर याच दफ्तराकडे जावें लागतें. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं १९६७ मध्यें 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठींत दिला तोही गोव्याच्या दफ्तराच्या बळावर. एका ठिकाणचा कागद जळाला तरी दुसऱ्या ठिकाणीं त्याची प्रत राहावी, हा लिस्बनच्या राखेंतून निघणारा धडा ज्यांच्या घरीं एकमेव पोथ्या व दप्तरें आहेत त्यांनीं विशेष मनावर घ्यावा.

सारांश, लिस्बनच्या अनर्थास कॅथलिक समाजाचें उत्तर केवळ विलाप नव्हतें. त्यांत आपद्धर्माची अनुज्ञा होती, दंडाचा उपदेश होता, निसर्गकारणांचा शोध होता, भक्ति होती, आणि या सर्वांखालीं नोंदी ठेवण्याची मुकी शिस्त होती. पहिल्या चौघांचा गाजावाजा झाला. शेवटची मात्र बाडांत राहिली, आणि दोनशें सत्तर वर्षांनंतर तीच अधिक बोलते. आपल्याकडील जुन्या शकावल्यांत व घराण्यांच्या टिपणांत अवर्षण, वादळ, धरणीकंप यांच्या ज्या एकएक ओळी सांपडतात, त्यांत ग्रहयोगाचें किंवा देवीच्या कोपाचें कारण जोडलेलें आहे म्हणून त्या टाकून देऊं नयेत. कारण बाजूस ठेवावें व तिथि, वार, ठिकाण आणि नुकसान हीं काळजीपूर्वक उतरून घ्यावीं, एवढी विनंति संग्राहकांस करून हा लेख संपवितों.