तंजावरच्या भिंतीवर एवढं मराठी कुणी कोरलं?

आज आपण तंजावरला जातोय. तमिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यात. हेडफोन लावा, आणि चपला मनातल्या मनात काढून ठेवा, कारण पहिलं ठिकाण मंदिर आहे आणि तिथला ग्रॅनाइट दुपारी तव्यासारखा तापतो.

फोनवर तंजावर शोधलंत तर पहिल्या पाच रील्सपैकी एकीत हे वाक्य हमखास सापडेल: 'या मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही.' आधी हे निस्तरूया. पडते. व्यवस्थित पडते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, अख्ख्या अंगणभर पसरलेली दिसेल. दुपारी मात्र गंमत होते. तंजावर जवळपास ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे वर्षातले बरेच महिने भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आणि मंदिराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं ते प्रचंड उंच बांधकाम, खाली रुंद आणि वर निमुळतं होत जातं. त्यामुळे दुपारची आखूड सावली स्वतःच्याच अंगावर मावते. बास, एवढंच. जादू नाही, भूमिती आहे. खरं सांगायचं तर मला भूमितीच जास्त भारी वाटते.

हे बृहदीश्वर मंदिर. तमिळ लोक 'पेरिय कोविल' म्हणतात, मोठं देऊळ. चोळ राजा राजराज पहिला याने बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. विमानाची उंची ६० मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या वीस मजली इमारतीएवढी. तंजावरच्या आसपास ग्रॅनाइटची खाण नाही, सगळा दगड लांबून आणलेला. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक पर्यटक मान वर करून हे सगळं बघतात, नंदीपुढे फोटो काढतात आणि निघतात.

आपण आज मान खाली घालून बघणार आहोत.

मंदिराच्या जोत्यावर, अगदी हाताला येईल अशा उंचीवर, ओळीच्या ओळी अक्षरं कोरलेली आहेत. जुनं तमिळ. राजराजाने हुकूमच काढला होता, की मी, माझ्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे जे दिलं ते दगडावर कोरा. आणि मग काय, कोरलंय की! सोन्याची भांडी, दागिने, दिवे, त्या दिव्यांना तूप पुरावं म्हणून दिलेल्या गाईम्हशी. मंदिरात नाचगाण्याच्या सेवेसाठी वेगवेगळ्या गावांतून आणलेल्या ४०० स्त्रियांची यादी आहे, एकेकीच्या नावासकट. कोण कुठल्या देवळातून आली, कुठल्या आळीत तिला घर मिळालं, सगळं. हजार वर्षांपूर्वीच्या राण्यांची नावं आपल्याला कशीबशी माहीत असतात. इथे ४०० नर्तकींचा पत्ता लिहिलेला आहे. म्हणजे ही भिंत नुसती भिंत नाही. ती मंदिराची वही आहे.

हे लक्षात ठेवा, कारण आता आपण प्रदक्षिणा घालत नैऋत्य कोपऱ्याकडे निघालोय. गणपतीच्या देवळाच्या बाजूला आलात की भिंतीकडे बघा. चोळांच्या तमिळ अक्षरांची सवय झालेल्या डोळ्यांना अचानक देवनागरी दिसते. आणि भाषा? मराठी.

एखाद-दोन ओळी नाहीत. भिंतीच्या मोठ्या भागावर पसरलेला भला थोरला लेख आहे. यात भोसले घराण्याचा इतिहास आहे, पूर्वजांपासून सुरू होऊन मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज आणि पुढे तंजावरच्या राजांपर्यंत. 'भोसले वंश चरित्र' या नावाने तो ओळखला जातो. साल १८०३. कोरायला लावला सरफोजी राजे दुसरे यांनी, आणि मजकूर लिहिला त्यांच्या पदरच्या बाबूराय यांनी.

आपण एरवी गडांवर जातो तेव्हा 'अमुक लव्ह तमुक' वाचून डोकं फिरतं ना? मग आठशे वर्षं जुन्या देवळावर आपल्या घराण्याची गाथा कोरणाऱ्याला काय म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. पण जोत्यावरची ती चोळांची वही आठवा. इथे भिंतीवर लिहिणं हा दंगा नव्हता, रिवाज होता. चोळांनंतरच्या राजांनीही इथे लेख कोरलेत. सरफोजींनी त्यात मराठीची भर घातली.

खरा प्रश्न वेगळाच आहे: १८०३ मध्येच का?

थोडं मागे जाऊ, पटकन. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, विजापूरचे सरदार म्हणून दक्षिणेत होते. १६७६ च्या आसपास तंजावर त्यांच्या ताब्यात आलं. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना महाराज त्यांना भेटले, वडिलांच्या जहागिरीच्या वाट्यावरून बोलणी झाली, फारशी गोडीची नाही. पण व्यंकोजींचा वंश तंजावरात टिकला. शहाजी, सरफोजी पहिले, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी... दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी सगळं नांदत होतं.

आता नीट ऐका. १७८७ मध्ये तुळजाजी वारले. मरण्याआधी त्यांनी नात्यातला एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. तोच हा सरफोजी. पण तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तकावर हरकत घेतली, पंडितांना विचारलं गेलं, पंडितांनी दत्तक अशास्त्रीय ठरवला, कंपनी सरकारने मान डोलावली आणि गादीवर बसले अमरसिंह. पोरगा लटकला. त्याच्या मागे उभा राहिला श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी. त्याने मुलाला अमरसिंहांच्या हाताखालून काढून मद्रासला नेलं, शिकवलं, कंपनीकडे पत्रव्यवहार केला. दुसऱ्या पंडितांनी दत्तक शास्त्रोक्त असल्याचा निर्वाळा दिला आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले.

गादी मिळाली, आणि वर्षभरात राज्य गेलं. १७९९ च्या तहाने सगळा कारभार कंपनीकडे. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलातला पाचवा हिस्सा. म्हणजे राजा आहे, राज्य नाही.

आणि यानंतर चारच वर्षांनी भिंतीवर वंशावळ उमटते. मला यात योगायोग दिसत नाही. ज्या माणसाचं 'तू खरा वारस आहेस का?' यावर बालपण गेलं, ज्याच्या हातात फौज नाही की सारा नाही, तो गावातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात जुन्या दगडावर लिहितोय की मी कुणाचा कोण. हा माझा तर्क आहे, लेखात असं कुठे म्हटलेलं नाही. पण तो लेख नुसता 'परमुलखात मराठी झेंडा' म्हणून वाचला तर त्यातला माणूस हरवतो. आणि हो, इतिहास म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट डोळे झाकून घ्यायची नाही. घराण्याने स्वतःच सांगितलेली घराण्याची गोष्ट आहे ती. आपल्या आजोबांनी सांगितलेली वंशावळही कधी कधी थेट सूर्यापर्यंत जातेच की.

मंदिराला लागूनच शिवगंगा बाग आहे. तिथे श्वार्ट्झने १७७९ मध्ये बांधलेलं चर्च आहे. फार कमी लोक आत डोकावतात. तुम्ही डोकावा. आत जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे: श्वार्ट्झ मरणशय्येवर, आणि शेजारी उभा सरफोजी. ते राजांनीच करवून घेतलं. श्वार्ट्झवर त्यांनी इंग्रजी कविताही लिहिली. एका बाजूला देवळावर भोसल्यांची वंशावळ, दुसरीकडे मिशनरी गुरूसाठी संगमरवरी शिल्प, आणि मध्ये चालायला काही मिनिटं.

इथून राजवाडा जवळ आहे, रिक्षाने सहज जाता येतं. मूळ बांधणी नायक राजांची, मराठ्यांनी वाढवलेली. दरबार हॉल, चोळकालीन ब्राँझ मूर्तींचं दालन, सगळं बघा, पण वेळ राखून ठेवा सरस्वती महालासाठी. हे ग्रंथालय. सुरुवात नायकांच्या काळातली, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, ताडपत्रं, युरोपातून मागवलेली वैद्यक, वनस्पती, वास्तू यांवरची पुस्तकं. मोडी कागदांचे गठ्ठे तर इतके, की तंजावरात आजही मोडी वाचणाऱ्याला काम आहे. मोडीचा क्लास अर्धवट सोडलेल्यांनी नोंद घ्यावी!

राजा नुसता पुस्तकं जमवत नव्हता. त्याने वाड्यात देवनागरी छापखाना चालवला आणि १८०६ मध्ये तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं, 'बालबोध मुक्तावली'. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती, हे ध्यानात घ्या. 'देवेंद्र कुरवंजी' नावाच्या मराठी नाटकात तर त्याने जगाचा भूगोलच शिकवायला घेतला. धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार व्हायचे आणि रुग्णाच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या जायच्या.

आता थोडं अवघड. तंजावरपासून साठ-सत्तर किलोमीटरवर समुद्रकाठी सरफोजींनी बांधलेला एक मनोरा आहे. नावच 'मनोरा'. बांधला कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्या आनंदात. शिवाजी महाराजांच्या भावाचा वंशज, इंग्रजांच्या विजयाचं स्मारक. ऐकताना घशात काहीतरी अडकतं, मान्य. पण भिंतीवरचं मराठी आपलं म्हणायचं आणि मनोऱ्याकडे पाठ फिरवायची, असं चालणार नाही. दोन्ही एकाच माणसाने केलंय, आणि नेमणूक कोण देत होतं तेही आपल्याला माहीत आहे.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. मुलगा शिवाजी गादीवर आला, १८५५ मध्ये तोही पुत्राविना वारला. कंपनीने गादी खालसा केलीच, शिवाय खासगी मालमत्ता, दागिने, सगळ्यावर सील लावलं. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या कोर्टात जिंकल्या. मग लंडनला प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये निकाल फिरवला: ही सरकारने राज्यकर्ता म्हणून केलेली कृती आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून अभ्यासतात.

ग्रंथालय मात्र फुटलं नाही, जागच्या जागी राहिलं. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. आत छोटं संग्रहालय आहे, तिथे काही हस्तलिखितं आणि चित्रं काचेआड मांडलेली असतात.

गेलात तर सकाळी मंदिर, उन्हाच्या वेळी राजवाडा आणि ग्रंथालय, आणि ऊन उतरल्यावर परत मंदिर, असा दिवस लावा. दुपारी गाभारा काही तास बंद असतो. आणि संध्याकाळी नैऋत्य कोपऱ्यात तिरपं ऊन असेल तर बघा, उथळ कोरलेली अक्षरं तेव्हा नीट वाचता येतात.