प्रोसेसर वेगवान, तरी संगणक संथ का?

संगणक खरेदी करताना ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘प्रोसेसर कोणता?’ दुकानदारही तितक्याच तत्परतेने गिगाहर्ट्‌झचा आकडा सांगतो आणि तो जितका मोठा तितका संगणक वेगवान, असे गृहीत धरून व्यवहार पुरा होतो. घरी आल्यावर मात्र साधी फाइल उघडण्यासाठीही ताटकळावे लागते आणि दुकानदाराने फसविल्याची शंका येऊ लागते. बहुतेक वेळा तशी फसवणूक झालेली नसते. आकडा खराच असतो; पण पैसे चुकीच्या भागावर खर्च झालेले असतात.

गिगाहर्ट्‌झ हे प्रोसेसरच्या अंतर्गत घड्याळाचे माप आहे. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. परंतु एका ठोक्यात काम किती होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पेंटियम ४. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्‌झ वेगाने बाजारात आणला, तेव्हा नेहमीच्या वापरातील अनेक प्रोग्रॅममध्ये १ गिगाहर्ट्‌झचा जुना पेंटियम ३ त्याच्या बरोबरीने चालत असे. ठोके वाढविण्यासाठी नव्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक सूचनेचे काम अधिक टप्प्यांत विभागले होते. पुढे कोणती सूचना येणार याचा अंदाज चुकला, की अर्धवट झालेले बरेचसे काम टाकून द्यावे लागे. प्रतिस्पर्धी एएमडीने २००१ मध्ये आपल्या १.५३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला ‘अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+’ असे नाव दिले, ते ग्राहकाच्या मनातील हा गैरसमज ओळखूनच. इंटेलनेही २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला.

अर्थात, खरा खोळंबा होतो तो प्रोसेसरच्या बाहेर. प्रोसेसरला लागणारी माहिती अगदी जवळच्या कॅशे स्मृतीत असेल तर ती तीन-चार ठोक्यांत मिळते. तिथे नसेल तर रॅममधून, आणि तिथेही नसेल तर हार्डडिस्कवरून आणावी लागते. हे अंतर किती मोठे आहे, हे समजण्यासाठी ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असे क्षणभर मानू. मग कॅशेतील माहिती चार सेकंदांत हाती येते आणि रॅममधील माहितीला चारेक मिनिटे लागतात. हार्डडिस्कवरील माहिती यायला मात्र एक वर्ष आणि जवळपास दोन महिने लागतात! मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कची तबकडी योग्य जागी फिरून येणे आणि वाचणारी दांडी तिथवर सरकणे, यांत सरासरी बारा मिलिसेकंद जातात, म्हणून हा हिशेब. तेवढा काळ प्रोसेसरला दुसरे काम नसेल, तर तो हातावर हात धरून बसतो. तो दुप्पट वेगवान केल्याने त्याची प्रतीक्षा तिळभरही कमी होत नाही.

रॅम अपुरी असली की ही अडचण विकोपाला जाते. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम उघडले आणि रॅम भरली, की विंडोज त्यातील काही भाग डिस्कवर ठेवते आणि गरज पडताच परत आणते. चार मिनिटांचे काम मग वर्षभराच्या फेऱ्यांवर जाते.

आकड्यांतच पाहू. एका कामाला ६० सेकंद लागतात आणि त्यातील ४५ सेकंद डिस्कच्या प्रतीक्षेत जातात, असे समजा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर उरलेल्या १५ सेकंदांचे साडेसात होतील. एकूण वेळ साडेबावन्न सेकंद. प्रोसेसर तसाच ठेवून प्रतीक्षा ४५ वरून ५ सेकंदांवर आणली, तर तेच काम २० सेकंदांत होईल. जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली अनेक प्रोसेसर एकत्र वापरण्याच्या संदर्भात जो युक्तिवाद केला, त्याचे मर्मही हेच आहे.

उष्णता हे आणखी एक कारण. प्रोसेसर फार तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप विदर्भातल्या मे महिन्यात रखडतो, त्यात नवल नाही. संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम आणि एकाच वेळी चालणारी दोन अँटिव्हायरस, हे तर हौसेने ओढवून घेतलेले दुखणे.

नवा संगणक घेण्यापूर्वी विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. संगणक रेंगाळत असताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा दहा-पंधरावर दिसला, तर प्रोसेसर निर्दोष आहे. अशा वेळी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने वरील हिशेबातले वर्ष तीन-चार दिवसांवर येते. स्मृतीचा आकडा सतत नव्वदच्या पुढे असेल, तर रॅम वाढवावी; मात्र अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते आणि नंतर वाढविता येत नाही, याची चौकशी खरेदीपूर्वीच केलेली बरी. चित्रफितींचे संकलन, मोठ्या छायाचित्रांवरील प्रक्रिया किंवा आकडेमोड करताना प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर राहत असेल, तर मात्र वेगवान प्रोसेसरवर केलेला खर्च सार्थकी लागतो.